खेळाडू मुलांना अमेरिकन कॉलेजात प्रवेशाची सूट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात : खेळात चमकणाऱ्या मुलाला अमेरिकेत कमी गुणांवर कॉलेजात घेतात, हे खरं का, आणि खरं असेल तर ते कसं घडतं? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या टेनिस संघाचा कॅप्टन आहे. जीपीए (शाळेच्या गुणांची सरासरी, ४ पैकी) ३.७, एसएटी (प्रवेशपरीक्षा, १६०० पैकी) १४३०. खेळाडूंना आयव्ही लीगमध्ये (आठ नामवंत खाजगी विद्यापीठांचा गट) कमी गुणांवर घेतात असं इथल्या मंडळात सगळेच सांगतात. अर्जात टेनिस ठळकपणे लिहिलं तर फायदा होईल का? (पालक, एडिसन, न्यू जर्सी)

अर्जात लिहून फारसा फायदा होणार नाही. सूट खेळाला मिळत नाही, कोचच्या यादीत नाव असलेल्या मुलाला मिळते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पालकांची दोन-तीन वर्षं आणि बराच पैसा वाया जातो. प्रवेश कार्यालयाच्या लेखी शाळेच्या संघाचा कॅप्टन म्हणजे वादविवाद मंडळाच्या अध्यक्षासारखाच एक चांगला उपक्रम. कोचने ‘हा मुलगा मला हवा आहे’ असं कार्यालयाला कळवलं, तरच त्याचा अर्ज वेगळ्या ढिगात जातो.

ही यादी अगदी छोटी असते. टेनिसच्या सामन्यात सहा एकेरी आणि तीन दुहेरी लढती होतात, आणि संघात साधारण दहा मुलं असतात. म्हणजे दर वर्षी दोन-तीन जागा रिकाम्या होतात आणि त्यांवर जगभरातल्या मुलांचा डोळा असतो. शाळेच्या संघातलं स्थान कोच बघत नाही. तो यूटीआर (प्रत्यक्ष सामन्यांवरून ठरणारा टेनिसपटूचा दर्जा-आकडा) बघतो आणि मुलगा कोणत्या स्पर्धांत कोणाशी हरला-जिंकला ते बघतो. म्हणून आजच एक काम करा. मुलाला आवडणाऱ्या आठ-दहा कॉलेजांच्या संघांची यादी उघडा आणि चौथ्या ते सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्यांचा यूटीआर लिहून काढा. आपला मुलगा त्याच्या आसपास असेल तर पुढे जा. बराच खाली असेल तर ते कॉलेज अभ्यासाच्या बळावर मिळवायचं आहे असं समजून चाला.

आता गुणांबद्दल. आयव्ही लीगमध्ये खेळाडूंसाठी ‘अकॅडमिक इंडेक्स’ नावाचा आकडा काढतात. शाळेचे गुण आणि एसएटी किंवा एसीटी यांवरून तो बनतो. २०११ मध्ये या आकड्याची कमाल मर्यादा २४० होती आणि किमान १७६. त्याच्या खालच्या मुलासाठी कोचला शब्द टाकता येत नसे. पण खरी मेख सरासरीत आहे. खेळाडूंची सरासरी त्या कॉलेजच्या एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा ठरावीक अंतराहून खाली जाता कामा नये, असा आठही कॉलेजांचा आपसातला करार आहे. त्यामुळे कमी गुणांचा एक जबरदस्त खेळाडू घ्यायचा असेल, तर सरासरी वर खेचणारा दुसरा कोणीतरी कोचला लागतोच. खेळ सहाव्या-सातव्या क्रमांकाचा पण गुण भरपूर, असा मुलगा कोचला म्हणूनच हवासा वाटतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हीच वाट जास्त शक्य दिसते. १४३० चे १५०० झाले तर त्याला टेनिसमध्येही फायदा आहे, हे त्याला समजावून सांगा. बहुतेक आयव्ही कॉलेजांनी या परीक्षा पुन्हा सक्तीच्या केल्या आहेत, त्यामुळे गुण न दाखवण्याची पळवाट आता फारशी उरलेली नाही.

कोचला लिहिण्याची वेळ आलेलीच आहे. बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून कोच मुलाशी थेट बोलू शकतात. ईमेल मुलाने स्वतः लिहावा, पालकांनी नाही. विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, यूटीआर आणि जीपीए द्या. मजकूर दहा ओळींत संपवा. सोबत दोन-तीन मिनिटांचा न कापलेला व्हिडिओ, ट्रान्स्क्रिप्ट (शाळेतल्या विषयांची आणि गुणांची अधिकृत नोंद) आणि पुढच्या दोन महिन्यांतल्या स्पर्धांच्या तारखा जोडा. संगीत लावून फक्त जिंकलेले पॉइंट दाखवणारे व्हिडिओ कोच बंद करतात. हरलेल्या पॉइंटनंतर मुलगा कसा चालतो, पुढची सर्व्हिस कशी करतो, हे त्यांना बघायचं असतं.

उत्तरादाखल उन्हाळी कॅम्पचं आमंत्रण आलं तर हुरळून जाऊ नका. ती आमंत्रणं शेकड्यांनी जातात आणि कॅम्पची फी हा उत्पन्नाचा भाग असतो. मुलाचं नाव घेऊन, त्याच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख करून फोनची वेळ मागितली, तर तो खरा रस.

प्रश्न : एका लिबरल आर्ट्‌स कॉलेजच्या कोचने मुलीला फोनवर ‘तू आमचीच’ असं सांगितलं. आता बाकीचे अर्ज थांबवले तर चालेल का? (पालक, मॅसॅच्युसेट्‌स)

नाही, थांबवू नका. प्रवेश देण्याचा अधिकार कोचला नसतो, तो फक्त प्रवेश कार्यालयाला असतो. तुम्ही सांगता ते कॉलेज डिव्हिजन तीनमधलं दिसतं (कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए ही संस्था कॉलेजांचे तीन गट करते, त्यांतला हा तिसरा). तिथे खेळाची स्कॉलरशिप देताच येत नाही, त्यामुळे सही करून पक्का होणारा कागदही नसतो. आहे तो फक्त कोचचा शब्द.

कोचला तीन प्रश्न विचारा, आणि मुलीनेच विचारावेत : या वर्षी तुम्ही किती जणींना पाठिंबा देणार? त्यात माझा क्रमांक कितवा? तुमचा पाठिंबा म्हणजे राखीव जागा, की फक्त शिफारशीची चिठ्ठी? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू, चांगलं होईल’ असं उत्तर आलं तर जागा नाही असंच समजा. कोच खोटं बोलत नसतात, पण वरच्या दोघींपैकी कोणी नकार दिला तर हाताशी असावी म्हणून तिसरीला उबेत ठेवतात.

मग प्री-रीडबद्दल विचारा. अकरावी संपल्यावर, १ जुलैपासून, कोच मुलीची ट्रान्स्क्रिप्ट, परीक्षेचे गुण, बारावीच्या विषयांची यादी आणि शाळेचा प्रोफाइल प्रवेश कार्यालयाकडे देतो. कार्यालय वाचून सांगतं : चालेल, कठीण आहे, किंवा नको. प्री-रीड न करता दिलेला शब्द कच्चा समजा. प्री-रीड झाल्यावरही बारावीत गुण घसरले, शिस्तीची काही भानगड झाली किंवा निबंध पाट्या टाकल्यासारखा लिहिला, तर नकार येतो. बारावीत अवघड गणित सोडून सोपा विषय घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. प्री-रीडला दिलेल्या यादीतला विषय बदलायचा असेल तर आधी कोचला कळवा.

आयव्ही लीगमध्ये यापेक्षा पक्का एक कागद मिळतो. १ ऑक्टोबर ते १५ मार्च या काळात प्रवेश कार्यालय ‘लाइकली लेटर’ पाठवतं. गुण टिकवले तर प्रवेश मिळेल, असं कार्यालय त्यात लेखी कळवतं. कोचचा मेसेज म्हणजे लाइकली लेटर नव्हे. आर्थिक मदतीचा अंदाजही तेव्हाच मागून घ्या, कारण आयव्ही लीगही खेळाची स्कॉलरशिप देत नाही, मदत घरच्या परिस्थितीवर ठरते.

जाता जाता एक गोष्ट : एमआयटी आणि कॅलटेकमध्ये कोचला राखीव जागा नसतात. तिथे कोचची चिठ्ठी ही इतर शिफारशींसारखीच एक. तिथल्या कोचने उत्साह दाखवला तरी तयारी बाकी सगळ्या विद्यार्थ्यांसारखीच ठेवायची.

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरली आहे. नुकतीच दहावी झाली. सरावाला वेळ मिळावा म्हणून अकरावीला प्रवेश न घेता १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी असा विचार आहे. अमेरिकेत रायफलसाठी घेतात आणि गुणांची फार अट नसते असं कळलं. (पालक, कोल्हापूर)

१७ नंबरचा फॉर्म भरण्याआधी हे उत्तर वाचून झालं तर बरं. अमेरिकेची वाट खरोखर हवी असेल, तर हा निर्णय तिच्या आड येऊ शकतो.

गुणांची अट सैल आहे, पण विषयांची अट कडक आहे. डिव्हिजन एकमध्ये खेळायचं तर एनसीएए ही संस्था नववी ते बारावी या चार वर्षांत १६ ‘कोअर’ विषय-वर्षं मागते : इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजी-गणित-विज्ञानापैकी आणखी १, सामाजिक शास्त्र २, आणि याच विषयांतली किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशांतली आणखी ४. त्या सगळ्यांची मिळून सरासरी किमान २.३ लागते. एसएटीची अट जानेवारी २०२३ मध्ये निघाली. सरासरी २.० ते २.३ च्या मध्ये असेल तर पहिल्या वर्षी स्कॉलरशिप आणि सराव मिळतो, स्पर्धेत उतरता येत नाही. डिव्हिजन दोनला २.२ पुरतात. भारतीय टक्के अमेरिकन पट्टीवर सरळ उतरवत नाहीत, त्यासाठी वेगळा तक्ता असतो. त्यामुळे ‘७० टक्के म्हणजे तिकडचा सी’ असं समजून घाबरू नका.

आता आपल्या बोर्डाचं गणित मांडून बघा. नववी-दहावीत इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल प्रत्येकी दोन वर्षं होतात. बीजगणित-भूमिती झाल्यामुळे गणिताची दोन वर्षं जमा होतात, सामाजिक शास्त्राचीही. उरलं इंग्रजी, ते अकरावी-बारावीत सक्तीचंच असतं. अडचण येते ती गणिताच्या तिसऱ्या वर्षाला. सराव सोपा जावा म्हणून खेळाडू मुलं कला शाखा घेतात आणि गणित सोडतात. मग डिव्हिजन एकसाठी नेमकं एक वर्ष कमी पडतं. कला शाखा घ्या, काही बिघडत नाही, पण किमान अकरावीला गणित ठेवा.

आणि १७ नंबरचा फॉर्म? फक्त परीक्षा देऊन मिळवलेला विषय एनसीएए कोअर धरत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांचा वर्षभर संपर्क होता, पूर्ण अभ्यासक्रम शिकवला गेला, याचा पुरावा मागते. बाहेरून बारावी देणाऱ्या मुलीकडे अकरावीची वर्षभराची नोंदच नसते. त्यापेक्षा कोल्हापुरातच अशा कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घ्या, जिथे प्राचार्य सरावासाठी हजेरीत लेखी सवलत देतील पण अकरावीची परीक्षा आणि गुणपत्रिका रीतसर होईल. दहावीनंतर एक वर्ष गॅपही घेऊ नका. चार वर्षांचं घड्याळ नववीपासून चालू होतं, त्यानंतर उशिरा केलेले विषय मोजणीबाहेर जाण्याची भीती असते.

नववीची गुणपत्रिका जपून ठेवा. बहुतेक घरांत ती दहावीचा निकाल लागला की रद्दीत जाते आणि तीन वर्षांनी शाळेच्या कपाटात दुसरी प्रत शोधावी लागते. मराठी माध्यम असेल तर मूळ प्रतीसोबत ओळीला ओळ ताडून केलेलं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

रायफलबद्दल. हा खेळ एनसीएएत आहे, मुलं-मुली एकाच संघात खेळतात. वेस्ट व्हर्जिनिया, टीसीयू, केंटकी, अलास्का फेअरबँक्स ही मोठी नावं. पण तिथे एअर रायफलबरोबर .२२ स्मॉलबोअरही (छोट्या काडतुसाची रायफल) चालवावी लागते : गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, प्रत्येकी २० गोळ्या. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्याच घराण्यातला हा प्रकार, फक्त तिथे अंतर साधारण ५० फूट असतं. संघात पाच जण, त्यांतल्या चौघांचे गुण धरतात. प्रत्येकी जास्तीत जास्त ६००, म्हणजे एका प्रकारात २४०० आणि दोन्ही मिळून ४८००. मुलगी फक्त एअर रायफल चालवत असेल तर कोचसाठी ती अर्धीच नेमबाज. पिस्तूल एनसीएएत नाही. आता अकरावीपासून स्मॉलबोअर सुरू केली तर दोन वर्षांत दाखवण्याजोगे गुण होतील.

पूर्ण खर्च निघेल अशी आशा धरू नका. वर्षानुवर्षं रायफलच्या पूर्ण संघाला मिळून ३.६ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि ती तुकडे करून वाटली जायची. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात न्यायालयाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना ही मर्यादा उरली नाही, संघातल्या खेळाडूंच्या संख्येची आली. पण पैसा आधी अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. खेळाडूंना जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशाच्या बातम्या वाचून बेत आखू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कोणताही करार सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावं.

प्रश्न : खो-खोत राष्ट्रीय सुवर्णपदक आहे. इथे बोर्डाचे क्रीडा गुण मिळाले, तसे तिकडेही मिळतील ना? (विद्यार्थी, नाशिक)

नाही. आपल्याकडे प्रमाणपत्र दाखवलं की ठरलेले गुण निकालात मिळतात. तिकडे प्रमाणपत्राला गुण नसतात, कॉलेजच्या संघाला खेळाडू लागतो. खो-खो, कबड्डी, क्रिकेट, बॅडमिंटन यांपैकी कोणताही खेळ एनसीएएच्या यादीत नाही. हॉकी आहे, पण फक्त मुलींची. राष्ट्रीय सुवर्णपदक अर्जात जरूर लिहा, निबंधही त्यावर लिहा. ती मोठी कामगिरी आहे आणि वाचणाऱ्याला ती कळते, पण तुलना सगळ्या अर्जदारांशीच होईल. स्क्वॉशही एनसीएएत नाही, पण त्याची स्वतःची कॉलेज संघटना आहे आणि कोच रीतसर खेळाडू निवडतात. ट्रिनिटी कॉलेजच्या ज्या संघाने २०१२ पर्यंत सलग २५२ सामने जिंकले, त्यात भारतीय खेळाडूही होते. बुद्धिबळपटूंसाठी टेक्सास विद्यापीठाचं डॅलस केंद्र स्कॉलरशिप देतं, ती वाट खुली आहे.

जलतरणपटूंनीही विचारलं होतं म्हणून इथेच सांगतो. कॉलेजचे तलाव २५ यार्डांचे, आपले ५० मीटरचे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर आणि वळणं जास्त, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. स्वतः रूपांतर करून पाठवू नका. मूळ वेळ, तलावाची लांबी आणि अधिकृत निकालाची लिंक द्या, रूपांतर कोच करून घेतो.

प्रश्न : नातवाला उत्तम गुण असूनही नकार आला, त्याच्या वर्गातल्या कमी गुणांच्या खेळाडूला प्रवेश मिळाला. हा अन्याय नव्हे काय? (वाचक, ठाणे)

तुमची तळमळ समजते, आणि आकडे तुमच्या बाजूने बोलतात. प्रवेशाच्या पद्धतीवरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात उघड झालेल्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ ते २०१९ च्या तुकड्यांचा अभ्यास केला. कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. एरवी हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास असायचं. हार्वर्ड अर्जदाराच्या शैक्षणिक कामगिरीला श्रेणी देतं, पहिली सर्वांत वरची. त्यात चौथ्या श्रेणीच्या खेळाडूंपैकी सुमारे ७० टक्के आत गेले, तर त्याच श्रेणीच्या बाकी अर्जदारांपैकी हजारात एकही नाही. मात्र ८६ हा आकडा थोडा फसवा आहे. प्री-रीडला नाकारलेली मुलं त्यात येतच नाहीत, त्यामुळे चाळणीतून उरलेलेच मोजले जातात.

आमचं मत विचाराल तर फुटबॉल-बास्केटबॉलमधली सवलत आणि रोइंग-स्क्वॉश-फेन्सिंगमधली सवलत एका मापाने मोजू नयेत. पहिल्या प्रकारात गरीब शाळांतली मुलं मोठ्या संख्येने येतात. १९८६ मध्ये लागू झालेल्या ‘प्रपोझिशन ४८’ या एनसीएएच्या नियमाने ११ कोअर विषयांत २.० आणि एसएटीत ७०० गुण मागितले, तेव्हा त्याचा फटका मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांना बसला. पुढे नियम आणखी कडक होताना जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन जानेवारी १९८९ मध्ये निषेध म्हणून सामना सुरू होण्याआधीच मैदान सोडून गेले. दुसऱ्या प्रकारात मात्र खाजगी कोचिंग, प्रवास आणि साहित्याचा खर्च परवडणाऱ्यांचीच मुलं पुढे असतात. तिथली सूट परीक्षेतला कमीपणा पैशाने झाकते, हे आम्हाला खटकतं.

कोचच्या शब्दावर कोणाची तपासणी नसली की काय होतं, ते मार्च २०१९ मध्ये दिसलं. रिक सिंगर या सल्लागाराने पालकांकडून पैसे घेऊन, कधीही न खेळलेल्या मुलांचे खोटे खेळाडू-प्रोफाइल बनवले, फोटोही जुळवले, आणि येल, स्टॅनफोर्ड, यूएससी अशा ठिकाणच्या कोचना किंवा अधिकाऱ्यांना लाच दिली. छोट्या खेळांचे संघ त्याने मुद्दाम निवडले, कारण तिथे राखीव जागेवर आलेला मुलगा हंगामात दिसला नाही तरी कोणी विचारत नसे. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. कोणी सल्लागार ‘खेळाडू म्हणून आत बसवून देतो, मुलाने खेळलं नाही तरी चालेल’ म्हणाला, तर तिथूनच उठा.

प्रश्न : मुलाला डिव्हिजन एकमध्ये जागा मिळते आहे. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. सूट घेऊन आत गेलेला मुलगा पुढे टिकतो का? (पालक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

हा प्रश्न सही करण्याआधी विचारलात, हे फार चांगलं केलंत. हंगामात आठवड्याला २० तास आणि एरवी ८ तास सक्तीचा सराव, असा नियम आहे. प्रवास, फिजिओ आणि ‘ऐच्छिक’ म्हणवला जाणारा व्यायाम या २० तासांत धरत नाहीत. शुक्रवारी दुपारी विमान, रविवारी रात्री परत, आणि सोमवारी सकाळी मिडटर्म.

शिवाय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६० आणि चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के अभ्यासक्रम झालेला असावा लागतो. इंजिनिअरिंगमध्ये विषय एकमेकांवर अवलंबून असतात. एक विषय राहिला तर साखळीच अडते आणि टक्केवारी चुकून मुलगा अपात्र ठरतो. म्हणून काही ठिकाणी सल्लागार मुलांना हळूच सोप्या पदवीकडे वळवतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिल इथे १९९३ ते २०११ पर्यंत वर्गच न भरणारे कागदी अभ्यासक्रम चालले. सुमारे ३१०० विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते, असं २०१४ च्या चौकशीत निघालं.

भेटीला जाल तेव्हा कोचला नाही, खेळाडूंना विचारा : आत्ता संघात इंजिनिअरिंगचे किती जण आहेत, त्यांतले किती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले? लॅब दुपारी असतात की सकाळी, आणि सराव कधी? दुपारी दोन ते पाच लॅब आणि तीनला सराव असेल, तर कोण काय सोडतं? उत्तर ‘कोच समजून घेतात’ असं आलं तर पुन्हा विचारा : मागच्या सत्रात नेमकं कोणी, किती वेळा लॅबसाठी सराव चुकवला आणि त्याचा खेळायचा क्रम बदलला का? संघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूचा मुख्य विषय बहुधा दिलेला असतो. मागच्या तीन वर्षांच्या याद्या उघडून ताडून बघा. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग आणि तिसऱ्या वर्षी दुसरंच काही लिहिलेली नावं किती, ते मोजा.